मसुराएवढा तुकडा

म्हैस भरवायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी नळकांड्याचं झाकण उघडलं. पांढरा, गार धूर माझ्या पायांवर उतरला आणि मी थेट पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचले.

तेव्हा मी तेवीस वर्षांची, दोन वेण्यांची महापंडिता. दोन धातू वितळवून केलेला मसुराएवढा तुकडा अशाच गार धुरात गारठवत बसायचे. पुरेशा थंडीत त्याचा विजेला होणारा विरोध नाहीसा होईल, असं माझं गणित सांगत होतं. वडिलांनी, आबांनी, दिवाळीपर्यंतच मुदत दिली होती, नंतर लग्न.

एका दुपारी विरोध मोजणारा काटा शून्यावर आला. पडताळायचं सोडून बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, गावी बोरीला फोन लावला.

"आबा, जमलं!"

"मग शिक की बाय अजून. लगीन कुठं पळून जातंय!"

संध्याकाळी कळलं, मी तारा फार जवळ जोडल्या होत्या. थंडीनं आकसून त्या एकमेकींना टेकल्या होत्या, म्हणून काटा शून्य दाखवत होता. लांब जोडून पुन्हा मोजलं. विरोध शेवटपर्यंत तसाच राहिला.

आबांना परत फोन केला. "मग ये घरी," एवढंच ते म्हणाले.

"आजी, मागं सरा," डॉक्टर म्हणाले. "ह्ये लई थंड असतंय. तुमाला नाय कळायचं."

मी पदर सावरला. "अगं बया! असं व्हय?"