आर्द्रतेचा रफार

वेलांटीकाकांना आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण गल्लीत ते कुणी वापरत नसे. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात हयात घालवलेला हा माणूस घरीदारी सतत नाकाने कांदे सोलायचा. शेजारचे आजोबा गेले तेव्हा प्रेत अजून घरातच होतं, आणि हे महाशय दारावरच्या फलकातल्या ‘दुखःद’चा विसर्ग खिशातल्या पेनाने जागेवर बसवत होते. आजींना भेटायचं मात्र राहून गेलं. बायकोने झापलं तर म्हणाले, “रडायला बाकीचे होते की. चूक कुणालाच दिसली नव्हती.”

निवृत्त झाल्यावर मागच्या बोळातल्या एका छापखान्याचं किरकोळ काम ते घरी आणत. एकदा मालकाने चेहऱ्याच्या एका नावाजलेल्या क्रीमचं रिकामं खोकं त्यांच्यापुढे ठेवलं.

“काका, अस्संच्या अस्सं छापायचंय. जुळतंय का तेवढं बघा.”

एवढ्या मोठ्या कंपनीला आपलीच खोकी बोळात, तीही जुन्या खोक्यावरून बघून का छापून घ्यावी लागतात, हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. काकांना पडला नाही. त्यांना दिसलं ते खोक्याच्या बाजूवरचं वाक्य: ‘त्वचेची आद्रता टिकवते.’ रफार नव्हता. त्यांचं पित्त खवळलं. मालक “राहू द्या हो, आहे तसंच हवंय” म्हणत होता, पण काकांनी लाल शाईने रफार चढवला आणि ‘आर्द्रता’ झाल्याशिवाय खोकं हातावेगळं करणार नाही म्हणून अडून बसले. मालकाने मान डोलावली. ज्याला चोरीच करायची, त्याला एका रफाराचं काय ओझं? काका घरी आले ते कंपनीची अब्रू वाचवल्याच्या थाटात.

पुढे काही महिन्यांनी मुलीला एका हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. गालावर मुरमांचे डाग होते, म्हणून तिने तेच क्रीम ऑनलाइन मागवलं, निम्म्या किमतीत. पार्सल उघडलं आणि खोकं घेऊन ती काकांकडे आली.

“बाबा, या विक्रेत्याचं नाव कधी ऐकलं नाही. झाकणाखालचं सीलही सैल आहे. परत पाठवू का?”

काकांनी भिंग काढलं. खोकं फिरवता फिरवता त्यांचा चेहरा उजळला.

“विक्रेत्याचं नाव काय बघतेस, भाषा बघ. नकली माल करणारे अडाणी असतात, ओळीला एक चूक करतात. हे वाच. आर्द्रता, रफारासकट. हा रफार माझा आहे. हे खोकं तुझ्या बापाने तपासलंय, बिनधास्त लाव.”

बाप माणसांच्या बाबतीत ठार आंधळा आहे हे तिला ठाऊक होतं. पण अक्षरात तो चुकत नाही, यावर लहानपणापासून तिचा विश्वास होता. तिने क्रीम लावलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गाल लालबुंद होऊन फोडांनी भरले, एक डोळा सुजून मिटला. तिने कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“खोक्याच्या बाजूला ‘आर्द्रता’ शब्द आहे ना? त्यावर रफार दिसतोय?”

“हो, आहे.”

“मग तो माल आमचा नाही, ताई. आमच्या खोक्यावर तो शब्द पहिल्यापासून चुकीचाच छापलेला आहे, बदलायचा राहूनच गेला. रफारवाली खोकी सगळी नकली. तोंड लगेच साध्या पाण्याने धुवा आणि आजच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.”

मुलीने फोन ठेवला आणि उघड्या राहिलेल्या एका डोळ्याने बापाकडे बघितलं. त्याने एकदा ‘चुकलं माझं’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. काका खोकं खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून उभे होते.

“पण शुद्ध रूप आर्द्रता हेच आहे,” ते म्हणाले.

बायको मुलीच्या गालावर ओला कपडा धरून बसली होती. तिने मान वळवूनही पाहिलं नाही.

“बरं. मग हॉटेलला चिठ्ठी लिहा, सोमवारी येता येणार नाही म्हणून. आणि शुद्ध लिहा.”

काकांनी खरोखरच खिशातून पेन काढलं.