डाव्या हातानं लिहिलेले प्रश्न

शिराळ्याच्या स्टँडवर कराडची एसटी लागली तेव्हा वडील माझ्याशी बोलत नव्हते. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन शेती करणारा माणूस. ट्रंक मात्र स्वतः उचलून गाडीत ठेवली. जिल्हा परिषदेच्या शाळेतली सात वर्षांची कायम नोकरी सोडून मी पाचगणीच्या एका निवासी शाळेत निघाले होते. गाडी सुरू झाल्यावर ते खिडकीपाशी आले. "बदली झाली तर माणूस जातंय. आपणहून कशापायी जायचं?" 

त्यांच्या शेजारी सुमनताई उभ्या होत्या. माझ्या शाळेत मला सीनियर. मी मुलाखतीला गेले त्या दिवशी दोन्ही वर्ग त्यांनीच सांभाळले होते आणि अचानक तपासणीला आलेल्या साहेबांना "तिच्या पोटात दुखतंय, घरी गेलीया" असं बेधडक सांगितलं होतं. स्टँडवर त्या "पोचलीस की फोन कर गं" एवढंच म्हणाल्या.

तुम्ही जे शिक्षक जिल्हा परिषदेच्या शाळेतच राहिलात त्यांना सांगायला नको, पण आम्ही बाहेर पडलेले सोयीनं विसरतो. साहेब येणार म्हटलं की आपण काय करायचो? सगळ्या पोरांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं पंजा उघडा ठेवायचा, येत नसेल त्यानं मूठ. साहेबांना उत्साह दिसायचा आणि आपल्याला कुणाला उठवायचं ते कळायचं. या युक्तीत मी तरबेज होते.

पाचगणीत मात्र माझी पंचाईत झाली. तिथं प्रश्न पोरांनी विचारायचे. इन्क्वायरी, ग्लोबल माइंडेड, असे शब्द मी रोज वहीत उतरवून घ्यायचे आणि रात्री जेवताना विसरायचे. नैरोबीहून आलेल्या एका मुलीनं विचारलं, स्ट्रॉबेरीच्या रोपाखाली काळं प्लास्टिक का अंथरतात? शेतकऱ्याची लेक मी, ताबडतोब सांगून मोकळी झाले. मागच्या बाकावर बसलेल्या आमच्या कोऑर्डिनेटर बाईंनी वहीत टिपलं, "उत्तर चार सेकंदांत." मला त्यांचा अस्सा राग आला! पण पुढच्या वर्षी तोच प्रश्न आला तेव्हा मी जीभ दाताखाली धरली, पोरांना शेतात नेलं, आणि त्यांनी शेतकऱ्याला असलं काय काय विचारलं की तोही डोकं खाजवायला लागला. त्या दिवशी मला हे काम आवडायला लागलं.

हळूहळू मीच नव्या शिक्षकांना शिकवू लागले. आईनं फोनवर विचारलं, "आता काय शिकवतीस?" म्हटलं, "मास्तरांना गप बसायला." "त्यासाठनं एवढ्या लांब गेलीस व्हय!"

गेल्या वर्षी आमच्या शाळेतर्फे शिराळा तालुक्यातल्या शिक्षकांचं प्रशिक्षण माझ्याकडे आलं. दोन दिवस कार्यशाळा झाली, महिन्याभरानं मी जाऊन त्यांचे वर्ग पाहायचे होते. यादीत माझी जुनी शाळा होती. सुमनताई तिथं मुख्याध्यापिका, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. गावातली निम्मी पोरं व्हॅननं इंग्रजी शाळेत जात होती. या भेटींवरून तालुक्यातली एक नमुना शाळा निवडायची होती. ती आपली व्हावी, म्हणजे पालक पोरं परत आणतील, असं ताईंना वाटत होतं.

चौथीच्या वर्गाचा विषय होता, आपली हळद कुठं जाते. एक मुलगा उठला. "सांगलीच्या बाजारातून हळद कोणत्या देशांत जाते?" दुसरी उठली. "त्या देशांतले लोक हळदीचे काय करतात?" तिसरा. "आपल्याकडे त्यांच्याकडून काय येते?" मी हरखून गेले. मग वर्ग एकदम थांबला. कुणी उठेना. ताई हळूच म्हणाल्या, "आगं, ती आली न्हाई आज. तू म्हण तुझा." आणि पाचव्या क्रमांकाची मुलगी उठून घडाघडा तिचा प्रश्न म्हणाली.

ताईंनी प्रश्न पाठ करून घेतले होते. हजेरीच्या क्रमानं.

ऑफिसात मी फॉर्म काढला. 'मुले स्वतः प्रश्न विचारतात' यापुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन होते. ताईंनी दार लोटलं. "उज्ज्वला, तुझ्याकडनं आजवर कायबी मागितलं न्हाई. तेवढं होयवर खूण कर."

मला मुलाखतीचा तो दिवस आठवला. तरी मी 'नाही'वर खूण केली. शेऱ्यात 'पुन्हा भेट आवश्यक' असं लिहिलं.

"लय मोठी झालीस," ताई म्हणाल्या.

तेव्हा मी त्यांना सांगितलं. पाचगणीच्या माझ्या वर्गात एक भिंत आहे, पोरं मनातले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून तिथं चिकटवतात. एकदा परदेशी पाहुणे येणार होते आणि भिंत रिकामी. मग निम्म्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या, डाव्या हातानं, अक्षर पोराचं वाटावं म्हणून. पाहुण्यांनी नेमके माझ्याच चिठ्ठ्यांचे फोटो काढले.

ताई हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मग तितं तुझा फारम कुणी भरला?"

"कुणीच नाही."

"हां," त्या म्हणाल्या, आणि चहा सांगितला.

नमुना शाळा म्हणून निवड दुसऱ्याच शाळेची झाली. जूनमध्ये आणखी दोन पोरं व्हॅननं जाऊ लागली. ताई ते विसरलेल्या नाहीत, मीही नाही. महिन्यातले दोन शनिवार मी शिराळ्याला जाते. ताई आणि मी चौथीच्या वर्गात मागं बसून गप्प राहायचा सराव करतो. त्यांना माझ्यापेक्षा कमी जमतं. पण परवा एका पोरानं न सांगता विचारलं, हळद पिवळीच का असते? आम्हा दोघींनाही उत्तर येत नव्हतं, ताईंना केवढा आनंद झाला.

वडील अजून विचारतात, आता तुझं घर कुठलं म्हणायचं? पाचगणीत माझी खोली आहे, पगार आहे, जिवाभावाची माणसंही आहेत. पण त्या भिंतीवरच्या चिठ्ठ्यांबद्दल मी तिथं अजून कुणाला सांगितलेलं नाही. शिराळ्यात सांगितलं.