गाडीला हॉर्न नव्हता

त्या जीपला हॉर्न नव्हता. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं, त्याने मान हलवली आणि पावसापाण्याचं काढलं. म्हणून आता लिहून ठेवते आहे.

माझा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला चालणाऱ्या एका काळ्या-पिवळ्या जीपवर तो क्लीनर होता. एका पहाटे ड्रायव्हरचे डोळे मिटायला लागले. त्याने स्टिअरिंग माझ्या पोराच्या हातात दिलं आणि स्वतः शेजारच्या सीटवर झोपला. सूर्यमाळच्या चढावर धुकं होतं. वळणाच्या पलीकडे एक म्हातारा डोक्यावर कारवीचा भारा घेऊन चालला होता. घराच्या कुडाला लागते ती कारवी, माणसाच्या दुप्पट लांब. भारा डोक्यावर आडवा असला की निम्मा रस्ता अडतो. मागून हॉर्न आला की भारेकरी कडेला सरतो, जागच्या जागी फिरतो, भारा रस्त्याच्या लांबीला धरतो आणि गाडी जाऊ देतो. आमच्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही.

हॉर्न आलाच नाही. म्हातारा फिरला नाही, जीपखाली जागीच गेला.

जीपचा हॉर्न बंद पडून कितीतरी दिवस झाले होते. ड्रायव्हर खिडकीतून हात काढून दाराच्या पत्र्यावर थापा मारायचा, त्यावर त्याचं भागायचं. माझ्या पोराचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले. तो थाप कशी मारणार? पुढे ड्रायव्हरने सांगितलं, पोराने न विचारता चावी घेतली. मालकाने त्याची री ओढली. हॉर्नचं नाव कोणी घेतलं नाही. प्रकरण अल्पवयीन मुलांच्या न्यायमंडळापुढे गेलं. पोराला काही महिने सरकारी दवाखान्यात सेवा करायला लावली, समज दिली आणि प्रकरण मिटलं.

म्हणजे कागदावर मिटलं. त्या वळणावर सगळ्या जीपवाल्यांनी एक नवीनच रीत पाडली. चढ संपत आला की एक लांब हॉर्न द्यायचा. म्हाताऱ्याला सांगून पुढे जायचं. न सांगता गेलं तर भारा आडवा येतो म्हणे. मी या रस्त्याने पाड्यापाड्यावर नाचणी, वरई घ्यायला जाते. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली होती, आज जव्हारला स्वतःचा गाळा आहे. भुताखेतांना भिऊन धंदा होत नाही. तरी दर वेळी तो हॉर्न वाजला की मला वाटतं, हा हॉर्न म्हाताऱ्यासाठी नाही, माझ्या पोराच्या नावाने वाजतो आहे. एकदा मी एका ड्रायव्हरला सरळ म्हटलं, "मेल्या, तेव्हा कुठे होते रे तुमचे हॉर्न?" तो म्हणाला, "मावशी, वाजवू नको तर काय करू? तूच सांग."

पोराने काही वर्षं गाडीला हात लावला नाही. माझ्याबरोबर पोती उचलायचा, पण सूर्यमाळचा माल असला की घरी थांबायचा. मग लायसन्स काढलं, गावात चालवायला लागला. एके दिवशी जेवताना म्हणाला, "आये, मला जीप चालवायची हाय. पाशिंजरची."

जुनी जीप मी घासाघीस करून घेतली. पण प्रवासी न्यायचे तर बॅज लागतो आणि बॅजला पोलिसांची पडताळणी लागते. माझी झोप उडाली. सतरा वर्षांचा असतानाचं ते पाप याच्या लायसन्सला चिकटलं असेल तर? मी वकिलाकडे गेले.

"नाही चिकटत," तो म्हणाला. "अठराच्या आतलं असं प्रकरण मोठेपणी आडवं आणता येत नाही. मंडळाकडची नोंदसुद्धा ठरल्या मुदतीनंतर काढून टाकायची असते."

"आणि नाही काढली तर?"

"मावशी, काढतात. आत्ताच्या कायद्यात घडलं असतं तर पंचविशीपर्यंत लायसन्स मिळालं नसतं, आणि गाडीचा मालक आत गेला असता. तुमचं आधीचं आहे. गप्प बसा फक्त."

गप्प बसणं मला जमत नाही. मालात डाग असेल तर गिऱ्हाइकाने दाखवायच्या आधी आपण दाखवावा, मग भाव फार पडत नाही. यावर माझा सगळा धंदा उभा राहिला. पडताळणीच्या दिवशी हवालदाराने नुसतं नाव-गाव विचारलं आणि मी बोलून गेले, "साहेब, ते जुनं निघालं तर तो सतराचा होता, आणि गाडीला हॉर्न नव्हता."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "जुनं काय?"

पोराने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. थकून.

हवालदाराने समोरचे कागद पुन्हा चाळले. मग म्हणाला, "काकी, इथं काहीच नाही. तुमच्या तोंडातच आहे ते सगळं. मी ऐकलं नाही, असं समजा."

बॅज मिळाला.

पहिल्या दिवशी मोखाड्याच्या नाक्यावर आमची जीप सगळ्यात शेवटी भरली. लोक पोराचा चेहरा बघायचे आणि पुढच्या गाडीकडे जायचे. मी पुढच्या सीटवर बसून एकेकाला मनात शिव्या घालत होते. शेवटी बाजारची माणसं चढली. मागे सूर्यमाळकडची एक म्हातारी कोंबडी मांडीवर घेऊन बसली.

चढ आला. वळण आलं. मागचा एक जण म्हणाला, "वाजव रे."

पोराने वाजवला नाही. त्याने गाडी थांबवली. इंजिन चालू होतं, हात स्टिअरिंगवर आणि पुढे रस्ता मोकळा.

"अरे वाजव की! या गाडीला आहे ना हॉर्न? मी स्वतः तपासून घेतलाय," मी ओरडले.

"नको आये," तो म्हणाला. "त्याला फिरायला येळ लागतो. भारा लांब हाय."

मी रस्त्याकडे बघत राहिले. मला तिथे काही दिसलं नाही. पण खिडकीतून ओल्या कारवीचा वास आला, उन्हाळ्याच्या दिवसांत.

मग मागून म्हातारी हळूच म्हणाली, "फिरला तो. चल आता, बाबा."

पोराने गिअर टाकला.