सत्तावीस नंबरचं छत

वाशीममध्ये कैलासचंद शेटजींची लाल गाडी ज्याला माहीत नाही, तो एक तर परगावचा असेल किंवा नुकता जन्मलेला. बुटकी, लांब नाकाची, दोनच दारांची. आत बसायचं तर आधी डोकं घालायचं, मग बाकीचा माणूस. दारावर पांढऱ्या गोलात सत्तावीसचा आकडा, कारण गाडी रेसची. चहाच्या मळ्यातल्या कुणा गोऱ्या साहेबानं ती बोटीतून आणली आणि कलकत्त्याकडे विमानाच्या जुन्या धावपट्टीवर पळवली. पुढे मद्रासच्या गिरणीवाल्याच्या पोरानं तिच्यावर दोन कप जिंकले. मग ती मुंबईच्या एका पारशाकडे गेली आणि शेवटी नागपूरच्या गॅरेजात, चाकं काढून, विटांवर बसली. तिथं ती तरण्या कैलासचंदांच्या नजरेस पडली. तुरीचा भाव काढायला गेलेला पोरगा मोटार घेऊन आला, म्हणून त्यांचे वडील अख्खा पावसाळा त्यांच्याशी बोलले नाहीत.

अनसिंगचा ग्यानबा तेव्हापासून तिचा ड्रायव्हर. वाशीमात येऊन गाडीच्या शर्यती संपल्या असं लोकांना वाटलं. संपल्या कुठल्या, आता तर थेट सूर्याशी गाठ होती. शेटजी पक्के जैन. दिवस मावळला की पाण्याचा घोटसुद्धा नाही. केनवडच्या बाजारात सौदा लांबला की ग्यानबा सूर्याकडे बघे आणि शेटजी ग्यानबाकडे.

"ग्यानबा, पोचतो काय?"

"बसा."

एवढीच चर्चा. मग रिसोड कधी मागे पडलं ते कळत नसे. घरी शेटाणी अंगुरीबाई ताट वाढून दारात उभ्या, नजर समोरच्या भिंतीवरच्या उन्हावर. ग्यानबा एकदाच हरला. रिठदजवळ बकऱ्यांचा कळप आडवा आला. शेटजी उपाशी झोपले आणि सकाळी त्याला पाहताच म्हणाले, "बकऱ्या जितल्या ना बे!" तो हसला, पण आतून फार लागलं त्याला.

अंगुरीबाई गेल्या, आणि पुढच्याच उन्हाळ्यात शेटजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तोंडात एकच शब्द उरला, 'हव'. चहा पाहिजे? हव. नको? तरी हव. डॉक्टर म्हणाले, आतून सगळं समजतं, बाहेर मात्र एवढंच निघतं. बाजार हलवणारा माणूस एका होकारावर येऊन बसला.

मुलगा संयम वाईट नाही. बापाला रोज स्वतःच्या हातानं अंघोळ घालतो. म्हणून तर ग्यानबाला त्याच्यावर धड रागावताही येईना. संयमनं बायपासला लग्नाचा लॉन काढला होता आणि नवरदेवाला घोड्याऐवजी ही गाडी द्यायचं त्याच्या मनात आलं. अडचण एकच. नवरदेव फेट्यासकट उभा दिसला पाहिजे. म्हणजे छत कापायचं.

"संयमभाऊ, छत गेलं त गाडीचा कणाच गेला," ग्यानबा म्हणाला. "पुन्हा जुडत नाही ते."

"काका, पडून पडून सडूनच राह्यली ना ते? लोकं पायतीन तरी."

"शेटजीले इचारा."

इथं ग्यानबा चुकला. उभा जन्म त्या घरात प्रत्येक गोष्ट शेटजींना विचारून झाली, तीच सवय नको तिथं तोंडातून निघाली.

संयम खुर्चीपुढे उकिडवा बसला. "बाबूजी, गाडीचं छत कापू ना?"

शेटजींनी डावा हात खुर्चीवर आपटला. "हव," ते म्हणाले. "हव. हव."

"पाहा," संयम म्हणाला.

"तसं नाही, भाऊ." ग्यानबा पुढे झाला. "शेटजी, छत राहू देऊ ना? नाही कापाचं ना?"

"हव." आणि शेटजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

संयमनं ते हलक्या हातानं पुसलं. "काका, कायले रडवता त्याईले?"

छत कापलं गेलं तेव्हा खालून ते ग्यानबानंच धरलं. कुणी धरलं नसतं तर ते सीटवर पडलं असतं.

पहिली वरात निघाली. पुढे डीजे, मागे वऱ्हाड, मधे सत्तावीस नंबर, मुंगीच्या पावलानं. ही गाडी चालायला नव्हे, पळायला केलेली. शेटजींच्या घराशी येईस्तोवर इंजिन तापलं, नाकातून वाफ निघाली आणि गाडी बंद पडली. वऱ्हाडी उत्साहानं ढकलू लागले. ग्यानबाच्या हाती नुसतं स्टिअरिंग उरलं.

बापाला मजा दिसावी म्हणून संयमनं खुर्ची दारात आणली होती. शेटजी डावा हात उचलून ओरडत होते, "हव! हव!" नवरदेवाचा मामा त्यांच्या पाया पडला. "शेटजी आशीर्वाद देऊन राह्यले," तो कौतुकानं म्हणाला.

ग्यानबानं तिकडे मान वळवली नाही. समोर सूर्य दुकानांच्या पाट्यांवर टेकला होता. गाडी पावलापावलानं सरकत होती, आणि तो मावळून गेला.

मागून नवरदेव वाकला. "काका, हे गाडी रेसमधी पयत होती म्हनते. खरं काय?"

ग्यानबानं तोंड उघडलं. केनवड, रिठद, बकऱ्या, अंगुरीबाईंचं ताट, सगळं ओठांवर आलं.

"हव," तो म्हणाला.