पारा उतरताना

खेळाडूंच्या तपासणीच्या खोलीत मी रक्तदाब मोजते. आज नंदा आली होती, लांब पल्ल्याची धावपटू. जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर ती पाय मारत होती आणि मी तिच्या दंडाला पट्टा बांधून ठोके ऐकत होते. पारा भरतीच्या पाण्यासारखा चढत दोनशेपाशी गेला.

"ताई, थांबू?"

"चालू दे. एवढ्या कष्टाला एवढा चढायचाच."

मग सायकलवरून उतरून ती खाटेवर डोळे मिटून पडून राहिली. खिडकीतलं कोवळं ऊन तिच्या कपाळावरच्या घामात हलत होतं. बघता बघता पारा खाली आला, ओहोटीनंतर वाळू निवांत दिसावी तसा. वाटलं, हिच्या काळजाला परत यायची वाट ठाऊक आहे.

"आता तुमचा बघू, ताई," म्हणत तिनं गमतीनं पट्टा माझ्या दंडाला बांधला. ठोके मीच ऐकले. पारा एकशे साठवर.

"अगं बाई! कुठून पळून आलात?"

मी पट्टा सोडला. सकाळपासून मी या खुर्चीतून उठलेही नव्हते. गेल्या दिवाळीत जाऊबाई जे बोलल्या, ते तेवढं आठवत बसले होते.