धावड्याच्या ट्रंकेतली मेमसाहेबांची मासिकं

बँकेत डबा खाताना विठ्ठल सहज बोलून गेला, "मॅडम, तुम्ही इंग्रजांच्या काळातली मासिकं जमवता ना? धावड्याला आमच्या मावशीकडं ट्रंकभर हायेत."

"कागदी नमुने आहेत त्यात?" माझा घास हातातच राहिला.

"असतील. ती त्याच्यावरून कपडे शिवायची."

बारा वर्षं मी ही बायकांची मासिकं जमवतेय. कपडे बेतायला त्यांत एक मोठा पातळ कागद घडी घालून दिलेला असायचा. मासिक मिळतं, तो कागद जवळजवळ कधीच नाही. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि डिसेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळीच पुण्याहून जालन्याची एसटी पकडली.

दिवस प्रवासातच जातो. पण बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला झळ नाही. जालन्यात स्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम केला. खोली साधी, पण स्वच्छ. सकाळी भोकरदनची गाडी मिळाली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेला मका. भोकरदनला गरम भजी खाल्ली आणि सोबतच्या मिरचीने डोळ्यांतून पाणी काढलं. हा मिरचीचा मुलूख आहे, जपून खा!

पुढे धावड्यापर्यंत जीप. भरल्याशिवाय हलत नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुनाकडं चाललात?"

"कौसाबाईंकडे."

"शिलाईवाल्या? मंग माझ्यासंगंच उतरा. माझ्या लग्नातलं पोलकं त्यांनीच शिवल्तं."

कौसामावशी पंचाहत्तरीच्या असतील. अंगणात मशीन, गळ्यात टेप. चहा झाल्यावर त्यांनीच ट्रंक उघडली. नव्वदेक वर्षांपूर्वीची मासिकं, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेली. मधले कागद जसेच्या तसे!

"मालक कापूस घेऊन ट्रकनं हैदराबादला जायचे," त्या सांगू लागल्या. "तिथल्या रद्दीवाल्याकडून आन्लं. म्हनले, बेतायला कागद होईल. पन चित्रं इतकी सुरेख, कात्री लावू वाटली न्हाई."

त्यांना इंग्रजीचं अक्षरही येत नाही. चित्रं आणि नमुने बघून त्या फ्रॉक, झबली, कॉलर शिकल्या. समासांत जागोजागी पेन्सिलीने मराठीत मापं लिहिलेली. आम्हा जमवणाऱ्यांच्या भाषेत हे मासिक 'खराब', किंमत निम्मी. मी मनातल्या मनात तीच निम्मी किंमत लावत होते, हे कबूल करते.

एका फ्रॉकच्या नमुन्यावर बाहीपाशी लिहिलं होतं: 'हितं दोन बोटं वाढव.'

"हे काय?"

मावशींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "पहिलंच गिऱ्हाईक. पोरीच्या वाढदिवसाचा फ्रॉक. बराबर कागदावर ठेवून कापला, तर बाहीत हातच जाईना. महागाचं कापड वाया गेलं. सासू म्हनली, इंग्रजी वाचता येत न्हाई तिनं पुस्तकावरून कापू नये. मंग दुसऱ्या कापडावर मीच दोन बोटं वाढवून बघितली, तवा बसला. पन नमुना इंग्रजांचा, तो कसा चुकंल? माझाच हात चुकला आसंल. आजून वाटतं तसं."

पुढच्या महिन्याचा अंक खालीच होता. मी चाळता चाळता शेवटच्या पानावर थांबले. जाहिरातींच्या गर्दीत चार ओळींची दुरुस्ती छापली होती. मी मोठ्याने मराठीत सांगितली, "गेल्या अंकातल्या मुलीच्या फ्रॉकच्या बाहीचा नमुना चुकला आहे. कापताना दीड इंच वाढवावा. वाचक भगिनींना झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व."

मावशींनी गळ्यातली टेप काढली आणि दोन बोटं जोडून तिच्यावर ठेवली. बरोबर दीड इंच.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"म्हंजी माझंच बराबर होतं," त्या हळूच म्हणाल्या. "पन्नास वर्सं हा अंक घरातच होता व्हय!" मग पदर डोळ्यांना लावून हसायला लागल्या. "सासूबाई ऱ्हायल्या न्हाईत आता. कुनाला दाखवू?"

भाकरी-पिठलं जेवून निघताना त्या म्हणाल्या, "न्या तुम्हाला पाह्यजेत ते. मला आता दिसत न्हाई शिवायला."

तेच मागायला मी इतक्या लांब आले होते. पण ते दोन अंक मला उचलवेनात, आणि ते सोडून बाकीचे नेणं म्हणजे त्या ट्रंकेचा संसार मोडणं. "नको, असू देत," म्हटलं.

"मंग एक काम करा. ते माफीचं मराठीत लिहून द्या हितं. मला बी वाचता येईल, नातीला बी."

बारा वर्षांत जुन्या मासिकाजवळ मी पेनची टोपीही काढलेली नाही. मावशींची पेन्सिल घेतली आणि दुरुस्तीच्या शेजारी, समासात, सावकाश सुवाच्य अक्षरांत लिहून दिलं.

पुण्याला रिकाम्या हाताने आले. विठ्ठल सांगतो, मावशी तो अंक घेऊन आधी जाऊबाईंकडे गेल्या, मग शाळेतल्या बाईंकडे. गावात कुणाला दाखवायचं ठेवलं नाही. माझ्याकडे दीडशेच्या वर मासिकं आहेत, प्लास्टिकच्या पिशव्यांत, तारीखवार. त्यांतल्या एकातूनही मी कधी काही शिवलं नाही, आणि शेवटच्या पानावरचा बारीक मजकूर तर कधी वाचलाच नाही. गेल्या रविवारी पहिली पिशवी फोडली आणि वाचायला बसले.