पेशंट विळीवर येत नाही

श्रीवर्धनच्या त्या रुग्णालयात दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुरू होणार होती आणि डॉक्टरांशेजारी उभं राहून चिमटा धरायला एकच मदतनीस हवा होता. रचना सिस्टर अठरा वर्षं अवजारं हातात देत आलेली. माणसाच्या आतलं तिला लांबूनच माहीत. ही जागा तिला इतकी हवी होती की सकाळपासून चहासुद्धा घ्यायचा राहिला होता.

निवड सरावाच्या मशीनवर होती. डोळ्यांवर जाड चष्मा, हातांत मशीनच्या दोन मुठी. चष्म्यात खोटं पोट दिसायचं आणि मुठींना ते जाणवायचं. मऊ, चिवट, अगदी खरं. प्रत्येकाला दोनच संधी. हर्षद ब्रदरनं पहिल्याच फटक्यात शंभरात सत्तर मिळवून कॉलर ताठ केली होती.

"पित्ताची पिशवी सुटी करा, सिस्टर," डॉक्टर काशिफा म्हणाल्या.

रचनाचं लहानपण विळीवर सुपारी सोलण्यात गेलं. विळीचं पातं जागचं हलत नाही. सुपारी त्याच्याकडे जाते. तिनं उजव्या मुठीतली कात्री गच्च रोखून धरली आणि डाव्या हातानं पिशवी ओढली. मागोमाग यकृतही निघालं. मशीनची मूठ थरथरली. चष्म्यात सगळं लालेलाल.

"या अल्लाह! सिस्टर, अख्खा माणूस ओढताय!"

"ओढू द्या ओ, मॅडम," हर्षद म्हणाला. "लहानपणी विळीवर सुपारी सोलायच्या त्या. यालाही सोलून वाळत घालतील."

बावीस गुण. रचनाही हसली, पण मुठी सोडल्या नाहीत.

दुसऱ्या वेळी तिनं हर्षदसारखी कात्री पुढे नेली. पिशवी लुळी पडून निसटायला लागली. तेव्हा डावा हात आपणहून ओढायला लागला, या वेळी हलकेच. मुठीनं उलट दाब दिला: बस. ती थांबली. बाळाच्या मुठीतून बोट सोडवावं तसं पुन्हा जरासं ओढलं. पिशवीला यकृताशी जोडणारा पडदा ताणला गेला, मधे बारीक पांढरी रेघ उमटली. कात्रीला फक्त मिटायचं होतं.

रिकाम्या हवेनं तिचा हात धरला होता. तिला गुदगुल्या झाल्यासारखं हसू फुटलं.

"काय झालं?"

"मॅडम, ते पण मला ओढतंय!"

एक्क्याऐंशी. हर्षद दुसऱ्या वेळी चौऱ्याहत्तरवर अडकला.

"कात्री सगळे चालवतात," काशिफा म्हणाल्या. "डावा हात कुणाला येत नाही. सोमवारी माझ्या शेजारी उभ्या राहा."

"सिस्टर, मलाबी बसवा विळीवर," हर्षदनं हात जोडले.

रचना बाहेर पडली ती प्रत्येक गोष्टीला हात लावत. भिंत, माडाचं खोड, कुणाच्या तरी स्कूटरची सीट. सगळंच तिला उलट ढकलत होतं. करमअलीचाचांच्या बेकरीत तिनं पाव दाबला. तो दबला, वर आला. तिनं दुसरा दाबला.

"अगो रचना, घ्यायचे तर घे! दाबतेस काय?"

"घेते ना, चाचा," ती तिसरा दाबत म्हणाली. "सगळे घेते!"